शेवटच्या घरापासून मागे: लघुदाब वीजजाळ्याचा आराखडा करण्याची पद्धत

कोल्हापूरलगत कळंबा, पाचगाव किंवा उचगावच्या बाजूला नवा लेआउट पडतो, तेव्हा रस्ते आणि गटारी आखून झाल्यावर विजेचा विचार सुरू होतो, आणि तो बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होतो. प्लॉट मोजून डीपीची (खांबांवरच्या रोहित्राची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची) क्षमता ठरते, विकली न जाणारी कोपऱ्यातली जागा डीपीला मिळते, गोडाऊनमध्ये असेल ती तार ओढली जाते, आणि शेवटच्या घरात किती व्होल्टेज पोहोचेल हा प्रश्न पहिला उन्हाळा येईपर्यंत कोणी विचारत नाही.

अशाच एका लेआउटमध्ये तक्रार पाहण्यासाठी मला बोलावले होते. गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती. गिरणीवाले मामा म्हणाले, "साहेब, सांच्याला मोटर उचलतच न्हाई बघा, म्हणून पहाटं पाचला दळाय बसतोय." रात्री आठला त्यांच्या मीटरपाशी फेज (डीपीतून निघणाऱ्या तीन जिवंत तारांपैकी एक) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांमध्ये १९८ व्होल्ट भरले. त्याआधी सहा महिने रहिवाशांनी पाठपुरावा करून डीपी मोठा करून घेतला होता, आणि तो त्या रात्री निम्माही भरलेला नव्हता. दोष डीपीच्या क्षमतेत नव्हता. तो डीपीच्या जागेत, तिथून निघालेल्या तारेत आणि मुख्यतः घरे फेजवर वाटण्याच्या पद्धतीत होता.

लघुदाब जाळे म्हणजे डीपीपासून घरांपर्यंतच्या २४०/४१५ व्होल्टच्या तारा. त्याचा पुढील क्रम परवानाधारक ठेकेदार, लेआउटचे अभियंते आणि सोसायटीचे पदाधिकारी यांच्यासाठी आहे. अंतिम मंजुरी महावितरणची असते आणि ११ केव्हीच्या (११,००० व्होल्टच्या) भागाला विद्युत निरीक्षकाची तपासणी लागते, हे गृहीत धरले आहे.

## टप्पा १ : कागद हातात घेण्याआधीची तयारी

मंजूर लेआउटचा नकाशा, प्रत्येक प्लॉटचा वापर (राहते घर, दुकान, गिरणी, मंगल कार्यालय), जवळची ११ केव्ही वाहिनी कोठून जाते याची खूण आणि गल्ल्यांची प्रत्यक्ष पायी मोजलेली लांबी एवढे साहित्य नसेल तर आराखड्याला हात घालू नये. नकाशावरची लांबी आणि तारेची लांबी यांत नेहमी फरक पडतो, कारण वळणे, झाडे आणि पुढे आलेले सज्जे नकाशावर नसतात.

जुन्या वस्तीत जाळे वाढवायचे असेल तर क्लॅम्प मीटरने डीपीच्या प्रत्येक फेजचा आणि न्यूट्रलचा करंट, आणि त्याच वेळी टोकाच्या घराचे व्होल्टेज, अशी जोडीने नोंद घ्यावी. ही नोंद संध्याकाळी सात ते दहा आणि एकदा भर दुपारी, दोन्ही वेळा हवी. दुपारचे कारण सौर पॅनेलच्या टप्प्यात येईल.

तपासणी : मोजणी पावसाळ्यात झाली असेल तर ती एप्रिल-मेमध्ये पुन्हा करावी. जुलैतल्या कोल्हापुरात पंखेही बंद असतात.

## टप्पा २ : लोड ठरवणे

इथे दोन टोकांच्या चुका होतात. पहिली चूक म्हणजे मंजूर भारांची नुसती बेरीज करणे. ५० घरे आणि प्रत्येकी ३ किलोवॅट म्हणजे १५० किलोवॅट असा हिशेब मांडला जातो, पण पन्नासही घरांचे गीझर, मिक्सर आणि इस्त्री एकाच मिनिटाला चालू नसतात. जवळच्या, तशाच राहणीमानाच्या एखाद्या गल्लीत मोजणी करून दर घरामागे प्रत्यक्ष कमाल लोड किती पडतो ते काढावे. उदाहरणासाठी आपण तो १.२ केव्हीए (डीपी आणि तारेवरचा भार मोजण्याचे एकक) धरू. म्हणजे ५० घरांचे ६० केव्हीए होतात. हा आकडा सर्वत्र लागू पडेल असे समजून उचलू नये. एसी असलेल्या बंगल्यांची गल्ली आणि दोन खोल्यांच्या घरांची गल्ली यांत दुपटीचा फरक सहज पडतो.

दुसरी चूक याच्या उलट आहे, आणि ती शेतीपंपांच्या बाबतीत होते. पंचगंगा, भोगावती किंवा दूधगंगेच्या काठावर उसाला पाणी देणारे पंप ठरावीक तासांच्या पाळीने मिळणाऱ्या विजेवर चालतात आणि बहुतेक पंपांना ऑटो स्विच बसवलेले असते. वीज आली की वाहिनीवरचे सगळे पंप एकदम उठतात. घरांसाठी वापरलेली सवलत इथे लावली तर आराखडा पहिल्याच पाळीला कोसळतो. पंपांचा लोड पूर्ण धरावा, पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.८ च्या आसपास किंवा कमी धरावा, आणि थेट सुरू होणारी मोटर सुरुवातीला पूर्ण भाराच्या सुमारे सहापट करंट ओढते हे ध्यानात ठेवावे. गुऱ्हाळाच्या घाण्याची मोटर हंगामातच चालते, पण चालते तेव्हा तासन्‌तास चालते, म्हणून तिलाही सवलत नाही.

पुढच्या दहा वर्षांची वाढ वेगळ्या रकान्यात मांडावी. ती आजच्या लोडमध्ये मिसळली की कोणता आकडा मोजलेला आणि कोणता अंदाजाचा, हे पुढच्या माणसाला कळत नाही.

## टप्पा ३ : डीपीची जागा

माझ्या मते सगळ्या आराखड्यात सर्वाधिक पैसा या एका निर्णयात वाचतो किंवा बुडतो, आणि नेमका हाच निर्णय कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेवर ढकलला जातो.

आपली गल्ली ३०० मीटर लांब आहे आणि ५० घरे तिच्यावर सारखी पसरलेली आहेत असे धरा. डीपी गल्लीच्या तोंडाशी असेल तर ६० केव्हीए सरासरी १५० मीटर अंतर कापतो. तोच डीपी गल्लीच्या मध्यावर आणला तर दोन्ही बाजूंना ३०-३० केव्हीए जातो आणि त्याचे सरासरी अंतर ७५ मीटर होते. लोड निम्मा आणि अंतरही निम्मे, त्यामुळे टोकाचा व्होल्टेज ड्रॉप (तारेत होणारी व्होल्टेजची घट) चौथ्या हिश्शावर येतो. तारेतला वीजऱ्हासही एकूण चौथ्या हिश्शावर येतो. यासाठी तार बदलावी लागत नाही. डीपी फक्त दीडशे मीटर सरकवावा लागतो.

लोड सारखा पसरलेला नसेल तर प्रत्येक गटाचा केव्हीए आणि एका ठरावीक बिंदूपासूनचे त्याचे अंतर यांचा गुणाकार करावा, सगळ्या गुणाकारांच्या बेरजेला एकूण केव्हीएने भागावे, म्हणजे लोडचा मध्य मिळतो. आडव्या आणि उभ्या दिशेने हा हिशेब वेगवेगळा करावा. मिळालेल्या बिंदूवर कोणाचे तरी फाटक असेलच. तेव्हा तिथून जवळची, ट्रक पोहोचेल अशी आणि ११ केव्हीच्या तारेला इमारतींपासून पुरेसे अंतर मिळेल अशी जागा निवडावी.

लोड मोठा असेल तर २०० केव्हीएचा एक डीपी कोपऱ्यात उभा करण्यापेक्षा १०० केव्हीएचे दोन डीपी दोन लोडमध्यांवर ठेवणे बहुधा बरे पडते. शेतात हाच विचार टोकाला नेला जातो: एक-दोन पंपांना एक छोटे रोहित्र देतात आणि अंतर ११ केव्हीने कापतात. तेवढीच वीज ४३३ व्होल्टऐवजी ११ केव्हीने नेली तर करंट सुमारे पंचविसाव्या हिश्शावर येतो.

इशारा : बिल्डरने डीपीची जागा आधीच विकली असेल तर आराखडा पुढे रेटू नये. जागेचा प्रश्न रेखांकन मंजूर होण्याआधी लेखी सोडवून घ्यावा. घरे उभी राहिल्यावर आपल्या दारात डीपी कोणीही येऊ देत नाही.

## टप्पा ४ : तारेचा आकार

आता हिशेब टोकाकडून मागे करावा. नियमानुसार लघुदाबाला घोषित व्होल्टेजच्या ६ टक्के वर-खाली मुभा आहे. २४० व्होल्ट आधार धरला तर ही मर्यादा साधारण २२५ ते २५४ होते. या मुभेतून सर्व्हिस वायरचा (खांबापासून घरापर्यंतच्या तारेचा) आणि रोहित्राच्या आतला ड्रॉप वजा केला की मुख्य तारेच्या वाट्याला किती उरते ते कळते. रोहित्र लोड नसताना दोन फेजमध्ये ४१५ ऐवजी ४३३ व्होल्ट देते, ही सोय त्यासाठीच आहे. पण संध्याकाळी ११ केव्हीची बाजूच खाली बसत असेल तर ती सोय तिथेच संपते. डीपीपाशी मोजल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

ओव्हरहेड लाइनसाठी नेहमी भेटणाऱ्या तारा, बारीककडून जाडकडे, म्हणजे स्क्विरल, वीझल आणि रॅबिट. त्यांचा रोध २० अंशांना किलोमीटरमागे अनुक्रमे सुमारे १.३९, ०.९३ आणि ०.५५ ओहम असतो. भर लोडमध्ये तापलेल्या तारेचा रोध १२ ते १४ टक्क्यांनी वाढतो. ०.८५ पॉवर फॅक्टर आणि समतोल तीन फेज धरून १ केव्हीए लोड १ किलोमीटर नेला तर वीझलमध्ये सुमारे ०.६२ टक्के आणि रॅबिटमध्ये सुमारे ०.४ टक्के ड्रॉप होतो. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत, निम्मे काम त्यांवर होते.

आपल्या गल्लीला ते लावू. डीपी तोंडाशी असताना ६० केव्हीए गुणिले ०.१५ किलोमीटर म्हणजे ९. वीझलवर ड्रॉप ५.६ टक्के, रॅबिटवर ३.६ टक्के. डीपी मध्यावर असताना वीझलवरच तो १.४ टक्के होतो. म्हणजे जागा चुकली तर जाड तारही पूर्ण भरपाई करत नाही.

ड्रॉप मर्यादेत बसला म्हणून काम संपत नाही, कारण ऱ्हास रोज मोजला जातो. डीपी तोंडाशीच ठेवणे भाग असेल तर कमाल लोडच्या वेळी वीझलमध्ये सुमारे २.२ किलोवॅट आणि रॅबिटमध्ये सुमारे १.३ किलोवॅट जळतात. लोड दिवसभर कमाल नसतो. सरासरी लोड कमालच्या ४० टक्के धरला तर वर्षभराचा ऱ्हास कमाल ऱ्हासाच्या सुमारे २,००० तासांइतका भरतो. फरक वर्षाला १,८०० युनिटच्या घरात जातो. युनिटला ५ रुपये धरले तर ९,००० रुपये होतात. हा आकडा तारेच्या किमतीतल्या फरकाशेजारी ठेवला की जाड तार किती वर्षांत फिटते ते दिसते. पहिल्या खर्चावर स्वस्त ठरणारी तार पंचवीस वर्षांत स्वस्त राहतेच असे नाही.

दाट वस्तीत, म्हणजे मंगळवार पेठेसारख्या भागात, उघड्या तारेऐवजी एबी केबल (इन्सुलेशन असलेल्या, एकत्र पिळलेल्या तारांची) घ्यावी. गॅलरी आणि तार यांत हातभराचे अंतर असते तिथे दुसरा पर्याय नाही. तिचे जोड इन्सुलेशन भेदणाऱ्या कनेक्टरनेच करावेत. पक्कडने सोलून पिळलेला जोड पहिल्या पावसातच पांढरा पडतो.

तपासणी : प्रत्येक गल्लीच्या टोकाच्या घराचे अपेक्षित व्होल्टेज नकाशावर लाल शाईने लिहिलेले आहे का? नसेल तर पुढे जाऊ नये.

## टप्पा ५ : फेजची वाटणी

वरचे सगळे आकडे तीन फेज समान धरून काढले आहेत. प्रत्यक्षात सर्व्हिस वायर जोडणारा माणूस शिडीवरून हाताला सगळ्यात जवळ येणाऱ्या फेजवर ती जोडतो, आणि दोन वर्षांत एक फेज ओझ्याने वाकते.

असमतोल किती महाग पडतो ते पाहावे. तीन फेजवर प्रत्येकी ६० अँपिअर असतील तर न्यूट्रलमध्ये जवळपास काही नसते. तेच एकूण १८० अँपिअर १००, ६० आणि २० असे वाटले गेले तर न्यूट्रलमधून सुमारे ६९ अँपिअर वाहतात, आणि चारही तारा सारख्या असतील तर तारेतला ऱ्हास पावणेदोन पट होतो. शिवाय न्यूट्रलमधला ड्रॉप त्याच १०० अँपिअरच्या फेजवरच्या घरांना भोगावा लागतो. गिरणीवाल्या मामांचे १९८ व्होल्ट मुख्यतः इथूनच आले होते.

म्हणून प्रत्येक खांबाच्या पत्रकात कोणते घर कोणत्या फेजवर हे आराखड्यातच लिहावे, आणि वाटणी घरांच्या संख्येने न करता मोजलेल्या लोडने करावी. डीपीपाशी समतोल साधून भागत नाही. पहिल्या निम्म्या गल्लीत सगळी आर फेज आणि उरलेल्या निम्म्या गल्लीत सगळी बी फेज असेल तर डीपीच्या वितरण पेटीत आकडे सुंदर दिसतात आणि टोकाला अंधार असतो.

इशारा : न्यूट्रलची तार फेजपेक्षा बारीक घेऊ नये, तिच्यात फ्यूज ठेवू नये, आणि तिचा जोड ढिला राहू देऊ नये. न्यूट्रल सुटली की काही घरांत २४० च्या जागी ४१५ व्होल्टच्या दिशेने व्होल्टेज चढते आणि टीव्ही, फ्रिज एका दणक्यात जातात.

## टप्पा ६ : रोहित्राची क्षमता

हा निर्णय बहुतेक जण पहिला घेतात. तो इथे, सहावा येतो. ४३३ व्होल्टवर ६३ केव्हीएचा पूर्ण करंट सुमारे ८४, १०० केव्हीएचा १३३ आणि २०० केव्हीएचा २६७ अँपिअर असतो. आपल्या ६० केव्हीएच्या गल्लीला ६३ तोकडा पडेल, १०० योग्य ठरेल. त्याहून मोठा घेण्याआधी रिकाम्या रोहित्राचाही ऱ्हास चोवीस तास चालतो हे आठवावे. तो २०० वॅट धरला तरी वर्षाला १,७५२ युनिट होतात.

## टप्पा ७ : फ्यूज आणि अर्थिंग

टोकाला शॉर्टसर्किट झाल्यावर फ्यूज उडेल का, हा प्रश्न आराखड्यात क्वचितच विचारला जातो. वीझलची ४०० मीटर लाइन असेल तर फेज आणि न्यूट्रल मिळून मार्गाचा रोध इतका होतो की टोकाच्या शॉर्टसर्किटला तीनशे अँपिअरही मिळत नाहीत. पेटीत २०० अँपिअरचा फ्यूज असेल तर तो उडायला बराच वेळ घेईल आणि तोपर्यंत तार लाल होईल. अशा ठिकाणी गल्ली तोडून वेगळी वाहिनी द्यावी किंवा मध्ये छोटा फ्यूज ठेवावा. किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवण्याच्या चिनीमातीच्या धारकात) तारेचे दोन-तीन पदर पिळून घालण्याची सवय ही संपूर्ण हिशेबावर पाणी ओतते.

रोहित्राच्या न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थ, लायटनिंग अरेस्टरला (आकाशातल्या विजेचा दाब जमिनीत सोडणाऱ्या उपकरणाला) वेगळा आणि बॉडीला वेगळा, अशी मांडणी ठेवावी. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीच्या जांभ्या दगडात एका रॉडने काम भागत नाही. जास्त रॉड, जास्त अंतरावर लागतात. शिरोळच्या काळ्या मातीत पावसाळ्यात रोध छान दिसतो, पण उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडल्या की तीच मोजणी दगा देते.

तपासणी : अर्थिंगचा स्वीकार करायचा आकडा मे महिन्यात, पाणी न ओतता घ्यावा. मोजणीच्या सकाळी खड्ड्यात बादली रिकामी करणारे मी पाहिले आहेत.

## टप्पा ८ : खांब, अंतरे आणि पुराची रेघ

खांबाच्या लांबीचा साधारण सहावा हिस्सा जमिनीत जावा. लघुदाब तार रस्ता ओलांडते तिथे ५.८ मीटर आणि रस्त्याकडेने जाते तिथे ५.५ मीटर ही किमान उंची आहे. उघड्या तारेचे इमारतीपासून आडवे अंतर १.२ आणि उभे अंतर २.५ मीटर हवे. ही अंतरे जास्तीत जास्त झोळ पडलेल्या अवस्थेतली आहेत. जानेवारीच्या थंडीत ओढलेली तार तेव्हा मोजून समाधान मानले तर मार्च-एप्रिलच्या उन्हात ती खाली उतरते, आणि त्याच सुमारास उसाची शेवटची शिगोशीग भरलेली ट्रॉली तिच्याखालून जाते. कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर आणि मिरवणुकीच्या मार्गांवर किमानपेक्षा जास्त उंची ठेवावी.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले. चिखली, आंबेवाडी किंवा शहरातल्या जयंती नाल्याच्या काठाचा भाग असेल तर गावकऱ्यांना भिंतीवरची पुराची रेघ विचारावी आणि वितरण पेटी, केबलचे टोक आणि मीटर त्या रेघेच्या वर घ्यावेत. पूरक्षेत्र आणि कोरडा भाग एकाच वाहिनीवर ठेवू नये, कारण पाण्यातला भाग बंद करताना वरची वस्तीही अंधारात जाते.

## टप्पा ९ : दुपारची उलटी वीज

२०२४ मध्ये पीएम सूर्य घर योजना आल्यापासून छतावरच्या पॅनेलचा विचार न करता केलेला आराखडा अपुरा ठरतो. आपल्याच गल्लीत २० घरांनी ३ किलोवॅटची पॅनेल बसवली आणि दुपारी घरात कोणी नसले, तर जवळपास ६० किलोवॅट उलट दिशेने डीपीकडे येतात. तोंडाशी डीपी आणि वीझल तार असेल तर टोकाचे व्होल्टेज साडेपाच टक्क्यांच्या आसपास चढते, तेही डीपीच्या आधीच्या ४३३ व्होल्टवर भर म्हणून. मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतात आणि मालक पॅनेलवाल्याला दोष देतात. डीपी मध्यावर असेल तर ही वाढ दीड टक्क्याच्या आत राहते.

टोकाला संध्याकाळी व्होल्टेज कमी म्हणून रोहित्राचा टॅप (बाहेर पडणारे व्होल्टेज वर-खाली करण्याची कळ) वर चढवणे हा उपाय इथे अंगलट येतो. हिशेब नेहमी दोन्ही टोकांचा करावा: भर संध्याकाळ, पॅनेल शून्य, आणि भर दुपार, लोड किमान. एका फेजची पॅनेलही टप्पा ५ प्रमाणे तीन फेजवर वाटावीत.

## टप्पा १० : चालू करताना आणि त्यानंतर

वीज सोडण्याआधी मेगरने प्रत्येक वाहिनीचे इन्सुलेशन, मग तीन फेजचा क्रम, मग न्यूट्रलचा प्रत्येक जोड हाताने ओढून पाहावा. लोड चढल्यावर, पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी, टोकाच्या घराचे व्होल्टेज मोजून नकाशावरच्या लाल आकड्याशी ताडावे. ५ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर तो बहुधा ढिल्या जोडातून किंवा फेजच्या वाटणीतून आलेला असतो. तार बदलण्याचा प्रस्ताव लिहिण्याआधी हे दोन्ही पाहावेत.

त्या गिरणीच्या गल्लीत आम्ही नवा डीपी मागितला नाही. चौदा सर्व्हिस वायर एका फेजवरून दोन फेजवर हलवल्या, न्यूट्रलचे तीन जोड नव्याने केले, आणि डीपी मध्यावर आणण्याचा प्रस्ताव वेगळा दिला. पहिल्या दोन कामांनी रात्री आठचे व्होल्टेज २१७ वर आले. मर्यादेत येण्यासाठी तिसरे काम लागणारच होते, पण मामांनी त्याच आठवड्यापासून संध्याकाळचे दळण घ्यायला सुरुवात केली. पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला आम्ही तारीख, तीन फेजचे करंट आणि टोकाचे व्होल्टेज पांढऱ्या रंगाने लिहिले. पुढच्या माणसाने त्याखाली आपली ओळ लिहावी म्हणून जागा मोकळी सोडली आहे.